नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही

गावच्या विकास सोसायटीच्या मीटिंगला आप्पा बोलायला उठले की बाकीचे संचालक चहाचे कप खाली ठेवत. राहात्यात असा दरारा असलेले आप्पा स्वतःच्या घरी मात्र पाय पुसल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत, कारण घरात बनुबाई होत्या. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी बनुबाई घरात नव्हत्या. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

बनुबाईंचं माहेर अकोल्याकडं, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. तिथं त्यांची भावजय गोजरबाई भातखाचराच्या बांधावरून घसरली आणि पाय मोडून बसली. भात काढणीला आलेलं, भाऊ बन्सी एकटा. बनुबाईंनी पिशवी भरली आणि प्लॅस्टर निघाल्याबिगर येत न्हाई असं सांगून एसटी गाठली. जाता जाता त्यांनी आप्पांना तीन गोष्टी बजावल्या. दूध उतू घालवू नका, मांजराला डोक्यावर चढवू नका, आन माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नका.

माझ्या, हा शब्द आप्पांना तेव्हाही टोचला. कॉम्प्युटर आणला होता ओंकारनं. हा त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. आई-आप्पांना नातीचं तोंड मोठ्या पडद्यावर दिसावं म्हणून त्यानं तो घरी बसवून दिला, सगळं मराठीतून लावून दिलं. नात ज्ञानेश्वरी पडद्यावर यायची, आजीला जीभ दाखवायची आणि पळून जायची. उरलेला सगळा वेळ कॉम्प्युटर बनुबाईंचा. दुपारची भांडी घासून झाली की त्या हात पुसत खुर्चीवर बसत आणि पत्ते खेळत. एकट्याच्या एकट्या, कॉम्प्युटरशी. लागोपाठ किती डाव जिंकले त्याचा आकडा तिथं दिसायचा. आल्यागेल्याला बनुबाई तो आकडा, लोकांनी मुलाचे मार्क दाखवावेत तसा दाखवीत.

आप्पांकडं काम होतं ते कॉम्प्युटरवरची धूळ झटकायचं आणि लोकरीचं विणलेलं झाकण घालायचं. बनुबाई पासवर्ड टाकायला लागल्या की त्या पदर आडवा धरत.

"एवढं काय लपवायचं?" आप्पा विचारत.

"तुमच्या कामाचं न्हाई ते," बनुबाई म्हणत, आणि विषय संपे.

आता इथं आप्पांचं एक दुखणं सांगायला हवं, कारण ते त्यांनी स्वतः कुणालाच कधी सांगितलं नाही. आप्पांचं नाव गहिनीनाथ. त्यांच्या आईनं नवस बोलून मागून घेतलेलं पोर, म्हणून नाथाचं नाव. आई बांधावर उभी राहून "गैनीनाथाऽऽ" अशी हाक घालायची, मधला 'हि' गिळून. ती हाक पार ओढ्यापर्यंत जायची. आई गेली. थोरला भाऊ कल्याण नुसतं 'गैन्या' म्हणायचा, तोही गेला. आता सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं, सोसायटीत चेअरमन म्हणतात, सूनबाई मामंजी म्हणते. सातबाऱ्यावर नाव आहे, पण सातबारा काही हाक मारत नाही. माणसाला नावानं बोलावणारं कुणी उरलं नाही की आपण स्वतःच्याच घरी पाहुणे असल्यासारखं वाटतं, आणि आप्पांना तसं वाटत होतं.

राहिल्या बनुबाई. पण त्यांच्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यात, तेही बायांनी दार अडवल्यावर. लग्नाच्या दिवशी आप्पांच्या बहिणींनी दार अडवलंच होतं. नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही म्हणून सगळ्या अडून बसल्या. नवी नवरी मुकी. एक शब्द नाही. शेवटी आप्पांच्या आईलाच कणव आली आणि ती म्हणाली, सोडा गं पोरीला, सकाळपासून उपाशी हाय ती. बनुबाई नाव न घेताच घरात शिरल्या, आणि त्यानंतर सगळा संसार 'अहो' आणि 'ओंकारचे आप्पा' यांच्यावर झाला. दुसऱ्यांच्या लग्नात बायका नाव घेऊ लागल्या की आप्पा मांडवाच्या खांबाशी उगीच घुटमळत आणि बनुबाईंची पाळी यायच्या आत त्या स्वयंपाकाकडं निघून गेलेल्या असत. एकदा, मरायच्या आधी एकदा तरी, हिच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं, एवढी एकच हौस आप्पांची राहिली होती. मागायची सोय नव्हती. चेअरमनला असलं मागता येत नाही.

तर बनुबाई गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी आप्पांनी धूळ झटकायला म्हणून कॉम्प्युटरचं झाकण काढलं. पासवर्ड लागतो तिथपर्यंतही जायची गरज पडली नाही. जाताना बनुबाईंनी तो बंदच केला नव्हता, नुसता पडदा झोपला होता. माऊस हलला आणि मोठी पाटी आली. तुमची विंडोज जुनी झाली आहे, हिला आता संरक्षण मिळणार नाही, नवी विंडोज तयार आहे. खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'. बनुबाई रोज 'नंतर' दाबत, हे आप्पांनी पाहिलं होतं. आप्पांना ते कधीच पटलं नव्हतं. स्वतःच्या पेरूच्या बागेत ते काही मागं टाकत नसत; फवारणी नंतर, छाटणी नंतर असं करणाऱ्यांच्या बागा त्यांनी पाहिल्या होत्या. शिवाय ती परत येईल तेव्हा कॉम्प्युटर नवाकोरा दिसेल, ती विचारील हे कुनी केलं, आणि आपण म्हणू, केलं कुनीतरी. आप्पांनी 'आत्ता' दाबलं.

काम सुरू झालं. पडद्यावर गोल गोल ठिपके फिरायला लागले, टक्के चढायला लागले. खाली लिहिलं होतं, तुमचा कॉम्प्युटर बंद करू नका. आप्पा खुर्ची ओढून समोर बसले. टक्के चढले, चढले आणि अडकले. आप्पांनी चहा करून घेतला, तरी तिथंच. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घोंगावत होता. आप्पांनी डब्याला हात लावून पाहिला तर डबा चांगला तापलेला.

आता विहिरीवरची मोटर तापली तर काय करायचं हे आप्पांना कुणी शिकवायला नको. मोटर बंद करायची, तिला दम खाऊ द्यायचा, मग चालू करायची. तसं नाही केलं तर वायंडिंग जळतं. पडद्यावर काही का लिहिलेलं असेना, पाटी लिहिणाऱ्यानं कधी जळालेली मोटर भरून आणली होती का? आप्पांनी बोर्डावरचं बटण खटकन बंद केलं, डब्याला टॉवेलनं वारा घातला, आणि डबा गार झाल्यावर बटण चालू केलं.

पडदा निळा झाला. त्यावर लिहून आलं की विंडोज नीट सुरू होऊ शकली नाही.

आप्पांनी बटण पुन्हा एकदा बंद-चालू करून पाहिलं, पडदा निळाच. त्यांना कॉम्प्युटरची चिंता नव्हती, तो ओंकारनं दुसरा आणला असता. त्यांच्या डोळ्यांपुढं बनुबाईंचा तो आकडा आला.

राहात्यात अमृतचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, पण अमृत एकच औषध जाणतो. पडसं असो की पटकी, फॉरमॅट मारायचा, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकायचं. आप्पांनी ओंकारला फोन लावला आणि विंडोज आपोआप बिघडली असं सांगितलं.

"आपोआप?" ओंकार म्हणाला. "अपडेट चालू असताना तुम्ही बंद केला का?"

"बंद न्हाई केला. दम दिला."

मग ओंकारनं कपाळाला हात लावल्यासारख्या आवाजात एक एक पायरी सांगितली. पडद्यावर 'समस्यानिवारण' असं दिसतंय का, ते दाबा.

"दाबलं. पन समस्या मीच हाय, हे त्याला कसं कळायचं?"

"आप्पा, दाबा तुम्ही. आता 'मागील आवृत्तीवर परत जा' असं आहे ना? ते दाबलं की जुनी विंडोज परत येईल, आईचा खेळबिळ सगळं जागच्या जागी. फक्त ही सोय थोडेच दिवस असते हां. तेवढ्यात नाही केलं तर मग फॉरमॅटच. आईचा आकडा गेला."

आप्पांनी दाबलं. पडद्यावर बनुबाईंचं नाव आलं आणि खाली एक रिकामी चौकट. पासवर्ड टाका.

"तो आईलाच माहीत," ओंकार म्हणाला. "मी तिला सांगितलं होतं, आई, पासवर्ड असा ठेव, की तू जन्मात कधी कुणापुढं बोलणार नाहीस. ती जरा वेळ विचारात पडली, मग हसली आणि मला तोंड फिरवायला लावलं. तिनं स्वतःच टाकला, इंग्रजी अक्षरांत."

बनुबाईंना इंग्रजी अक्षरं येत. ओंकार पाचवीत ए-बी-सी-डी घोकत असताना त्या भाकरी थापता थापता मागून घोकत. स्पेलिंग मात्र त्यांचं स्वतःचं. कानाला येईल तसं लिहायचं.

आप्पा विचार करू लागले. बनुबाई जन्मात कधी बोलणार नाही असं काय असेल? विचार करायला फार वेळ लागला नाही. आप्पांचा चेहरा खुलला.

"सापडलं! 'माझं चुकलं'! हे तिच्या तोंडून मी आजवर ऐकलं न्हाई. सांग स्पेलिंग."

ओंकारनं हसू दाबत सांगितलं. आप्पांनी एका बोटानं टाकलं. पासवर्ड चुकीचा आहे, असं लिहून आलं. पडद्यावर का होईना, कुणीतरी चुकल्याचं कबूल केलं होतं, पण ते आप्पांच्या उपयोगाचं नव्हतं.

"आईला फोन लावा," ओंकार म्हणाला. "आणि आप्पा, सारखे चुकीचे टाकू नका."

माहेरी बनुबाईंना फोन लागायचा तर बन्सीच्या घरामागच्या टेकाडावर जावं लागे. खाली रेंज नाही. फोनही बन्सीचा, बटणांचा. दुपारी बन्सी टेकाडावर गेला तेव्हा आप्पांचा फोन लागला, आणि त्यानं हाका मारमारून बहिणीला वर चढवलं.

"काय झालं?" बनुबाई धापा टाकत म्हणाल्या. "दूध उतू घालवलं?"

"न्हाई न्हाई. दूध बेस हाय. मांजर बी बेस हाय," आप्पा म्हणाले. "म्हनलं, थंडी हाय का तिकडं?"

तिसरी गोष्ट आप्पांनी गाळली, आणि बनुबाईंना तेवढं पुरलं.

"कॉम्प्युटरला काय केलं तुमी?"

मग सगळं सांगावं लागलं. पलीकडं वारा सूं सूं करत होता. त्या वाऱ्यातून बनुबाई काय काय बोलल्या ते इथं लिहीत नाही. आप्पांनी शेवटी आकड्याचं सांगितलं. थोडेच दिवस आहेत, मग आकडा जातो.

आप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पासवर्ड सांग ना," ते म्हणाले.

"न्हाई सांगता येत."

"का? मी काय परका हाय?"

"परकं असता तर सांगितलंच असतं की!" बनुबाई चिडल्या. "तुमास्नी कळत कसं न्हाई? बाईमानूस काय बोलत न्हाई?"

"काय बोलत न्हाई ती? सगळंच तर बोलती."

"अहो," बनुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकाएकी खाली आला. "अहो, असं काय करताय. मी तुमास्नी काय म्हनते? 'अहो' म्हनते ना? मग काय म्हनत न्हाई?"

आप्पांनी पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडं पाहिलं.

रोज दुपारी, पदर आडवा धरून, ही बाई आपलं नाव लिहीत होती. आपल्या डोळ्यांदेखत. आणि आपण कॉम्प्युटरची धूळ झटकत होतो. आप्पांना हसू येईना आणि रडूही येईना.

"थांब, टाकतो," ते कसेबसे म्हणाले. स्वतःच्या नावाचं स्पेलिंग त्यांना पाठ होतं, चेकवर सही तशीच करत. जी, ए, एच, आय असं एकेक अक्षर बोटानं शोधून त्यांनी ते टाकलं. पासवर्ड चुकीचा आहे.

"माझंच नाव, आन मलाच चुकीचं म्हनतंय हे!"

"तुमी कसं लिवलं? मी कानाला येतं तसं लिवलं हाय."

"मग अक्षरं सांग."

बनुबाईंनी अक्षरं सांगितली. वाऱ्यात 'जी'चं 'डी' झालं, 'एन'चं 'एम' झालं, आणि आप्पांनी पेरूच्या क्रेटवर खडूनं जे लिहून काढलं ते वाचायला गेलं तर एखाद्या औषधाचं नाव वाटत होतं. ते टाकायची त्यांची हिंमत झाली नाही.

"अशानं न्हाई व्हायचं," आप्पा म्हणाले. "तू अख्खं बोल. तुझ्या तोंडात कसं येतं ते कळलं म्हंजी मला लिवता यील."

ही आप्पांची चलाखी नव्हती. ते खरंच होतं. बनुबाईंच्या तोंडून ते नाव कसं येतं हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी ते ऐकलंच नव्हतं. पण बोलून झाल्यावर आप्पांच्या लक्षात आलं की आपण काय मागितलं, आणि त्यांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"न्हाई बाई," बनुबाई म्हणाल्या.

"मग ऱ्हाऊ दे. जाऊ दे आकडा."

"आकडा कसा जाऊ दे? येडं का खुळं! चौकटचा गुलाम अडकला व्हता तरी सोडवलाय मी डाव!"

वारा वाहत होता. बनुबाईंनी भावाला हुसकलेलं आप्पांना ऐकू आलं. "बन्सी, तू जा खाली. जा म्हनते ना. गोजरला पानी दे." मग खाकरल्याचा आवाज. मग टेकाडावरून, राहात्यापर्यंत, हलक्या आवाजात आलं:

"पेरूच्या बागंत राघू आले जोडीनं,
गैनीनाथांचं नाव घेते त्यांच्याच खोडीनं."

मधला 'हि' गिळलेला. आई गिळायची तसाच. सासूच्या हाका ऐकून ऐकून सुनेच्या कानात नाव बसलं होतं ते तसंच, आणि तसंच ते तिच्या तोंडात आलं. आप्पांना बांध दिसला, ओढा दिसला. त्यांनी डोळे पुसले, फोन खांद्यात धरला, आणि एका बोटानं जी, ए, आय, एन, आय, एन, ए, टी, एच अशी अक्षरं टाकली.

चौकट गेली. ठिपके फिरायला लागले. मागील आवृत्तीवर परत जात आहोत, असं लिहून आलं. कॉम्प्युटरनं आप्पांना आत सोडलं होतं.

"आलं का?" बनुबाईंनी विचारलं. "झालं का बराबर?"

आप्पांनी फिरणाऱ्या ठिपक्यांकडं पाहिलं. मग ते फोनमध्ये म्हणाले, "हॅलो? हॅलो? काय बी ऐकू आलं न्हाई बघ. रेंज गेल्ती. पुन्यांदा म्हन."

बनुबाईंनी पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्यानं. खाली अंगणातून बन्सीचा हसल्याचा आवाज आला.

"काय म्हनली? वारं लई हाय गं. कुनाचं नाव?"

"आता बास करा," बनुबाई म्हणाल्या. "पयल्याच खेपेला ऐकू आलंय तुमास्नी. मला काय कळत न्हाई व्हय? डोळं पुसा आदी."

आप्पांनी निमूट डोळे पुसले.

"आन एक सांगा," बनुबाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माझं नाव कोन घेतं? तुमी 'अगं' म्हनता, पोरगं आई म्हनतं, नात आज्जी म्हनती. हितं आले म्हनून बन्सी 'बनूआक्का' तरी म्हनतो. तुमी कवा घेतलंय का?"

आपली हौस आप्पांनी इतकी वर्षं जपली होती, की हिलाही तशीच असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"घ्या आता. उखान्यात घ्या. न्हाईतर मी फोन ठेवते."

सोसायटीत तास तास बोलणारे आप्पा चाचरायला लागले. बाहेर बागेत पेरू तोडणाऱ्या बाया होत्या. त्यांनी दार लोटायला हात पुढं केला आणि मग तसाच मागं घेतला. कपाळावरचा घाम पुसत, एकेक शब्द जुळवत ते म्हणाले:

"अकोल्याच्या डोंगरावर धुक्याची दुलई,
बनुबाईबिगर घर सुनं लागतं लई."

पडद्यावरचे ठिपके थांबले, जुनी विंडोज उघडली, आणि बनुबाईंचे पत्ते होते तसे समोर मांडून आले. कोपऱ्यात आकडाही होता. आप्पांचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

"हॅलो?" बनुबाईंचा आवाज आला, जरासा ओला. "काय बी ऐकू आलं न्हाई बघा. हितं रेंजच न्हाई. पुन्यांदा म्हना."

आप्पांनी दार सताड उघडलं आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हटलं.